अडचण असलेल्यांनी उभं राहावं

...अन् अशी विचारतात होय हो कुणाला अडचण? तुम्हीच सांगा! मेडिकलच्या भरल्या वर्गात, पुढच्या बाकांवर डॉक्टरांची पोरं, मागं आम्ही, अन् सर फळ्यापाशी उभं राहून म्हणतात, ‘‘ॲनाटॉमीत नापास झालेल्यांनी उभं राहावं. कॉलेजनं तुमच्यासाठी पालक-शिक्षक योजना काढलीय. मी तुमचा पालक. मोकळेपणानं बोला. काही अडचण?’’ अन् बघतात कुणाकडं? वर्गात साडीतली, लेकुरवाळी मी एकटीच! मी म्हटलं, ‘‘नाही सर.’’

निघूनच गेलं हो तोंडातनं! झरी गावात सासर माझं. सुनेला ‘जमंल का?’ विचारलं की ‘जमंल’, ‘काही दुखायलंय का?’ विचारलं की ‘न्हाई’... तिसरं उत्तर कुणी शिकवलंच नाही. कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा मी आधी भाकरी उरकल्या, मग सांगितलं!

अन् सांगायचं तरी काय? की दहावीपर्यंत मराठीत शिकले, इथलं एक इंग्रजी पान उलगडेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर जातो? की तान्हं लेकरू झरीला, मी होस्टेलात, वाचायला बसलं की दूध दाटून येतं? हे सरांना सांगू? काहीतरीच!

सुट्टीत अभ्यासाला हाडं घेऊन गेले, तर सासूबाई, ‘‘अगं बया! कुण्या घरचं माणूस आणलंस गं पिशवीत?’’ पिशवी थेट गोठ्यात! म्हशीपुढं बसून हाडं पाठ केली मी. अन् सासरे? त्यांनी दारावर पाटीच ठोकलीय, ‘डॉ. सौ. कावेरी’! पहिलं वर्ष सुटंना अन् पाटी! गाव ओसरीवर बसलेलं... ‘‘डॉक्टरीणबाई, गुडघा लय ठणकायलाय.’’ आता गुडघ्यावरच नापास झालेय मी, हे त्यांना कोण सांगणार? सासरे विचारतात, ‘‘सूनबाई, अभ्यासात काही अडचण?’’ ‘‘नाही मामा.’’

या शेवटच्या खेपेलाही नापास झाले तर कॉलेजातनं नावच कटतंय. म्हणून परवा ठरवलं, सांगायचंच! सरांच्या दारात उभी राहिले, वाक्यं घोकली, आत गेले... तर सर म्हणतात, ‘‘या या, तुम्हालाच बोलावणार होतो! बाकीचे नुसते रडतात, अन् तुमचं बघा, घरदार, लेकरू, तरी कधी तक्रार नाही! आता या कच्च्या पोरींना तुम्हीच सांभाळायचं. काही अडचण?’’

‘‘नाही सर.’’

तर तुम्हाला सांगते, मी पालक! हसू नका. पिंगळीची हेमा माझ्याच खोलीत. माझ्यासारखीच नापास. डोळे सुजलेले, ताटाला हात लावलेला नाही. जवळ बसले, डोक्यावरनं हात फिरवला, म्हटलं, ‘‘हेमा, काही अडचण?’’

‘‘न्हाई ताई.’’

माझ्याच आवाजात हो! वाटलं, दंडाला धरून हलवावं, म्हणावं, सांग की गं, मी पण बुडायलेय, सोबतीनं बुडू... अन् विचारलं काय? ‘‘चहा घेतीस?’’ प्यालो दोघी.

दुसऱ्या दिवशी सर, ‘‘काय म्हणतात तुमच्या पोरी?’’ म्हटलं, ‘‘सगळ्या ठीक आहेत सर.’’ सर इतके खूश! ‘‘म्हणजे योजना लागू पडली! पुढच्या वर्षीही हे काम तुमच्याकडंच. काही अडचण?’’

आता पुढच्या वर्षी मी कॉलेजातच नसणार, एवढीच काय ती अडचण... पण म्हटलं, ‘‘नाही सर.’’