सुनेचं नाव

मुलगा : परत वाचा मॅडम. नाव तेवढं परत वाचा.

वकीलबाई : “माझी बुद्धी माझ्या ताब्यात राहिली नाही, तर माझ्या उपचारांचे निर्णय माझ्या सुनेने घ्यावेत.” खाली आईंची सही आहे, दोन साक्षीदारांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वीचा कागद. कोर्टाने काल तोच मान्य केला.

मुलगा : मी एकुलता एक आहे. तिचे केससुद्धा रोज मी विंचरतो.

वकीलबाई : त्याबद्दल कुणाला शंका नाही हो.

मुलगा : (बायकोला) तुला माहीत होतं?

सून : हो. मीच त्यांना इथे घेऊन आले होते. तुम्हाला सांगितलं, डोळे तपासायला चाललोय.

मुलगा : आणि तीन वर्षं गप्प बसलीस.

सून : आईंनी शब्द घेतला होता. म्हणाल्या, त्याला कळलं तर रोज रडवेलं तोंड करून माझ्याकडे बघत बसेल. शुद्धीत आहे तोवर मला त्याच्याशी भांडायचंय.

मुलगा : माझं काय चुकलं, ते लिहिलंय का?

वकीलबाई : कागदात नाही. तोंडी बोलल्या होत्या. सांगू?

मुलगा : सांगा. आज मला काहीच टोचत नाहीये.

वकीलबाई : म्हणाल्या, “मी सारा जन्म वॉर्डात नर्सचं काम केलं. नळ्यांवर महिनोन्महिने ठेवलेली माणसं पुसून काढली. माझ्या मुलाला मला ‘जा’ म्हणवणार नाही. सुनेला म्हणवेल. तिने स्वतःच्या वडिलांना म्हटलंय.”

मुलगा : डॉक्टर काय म्हणाले सकाळी?

सून : गिळणं संपलंय त्यांचं. पोटात नळी घातली तर काही महिने निघतील. नाही घातली तर आठ-दहा दिवस. त्रास होऊ नये म्हणून औषध देत राहतील. दुपारपर्यंत सांगायचंय.

मुलगा : काय सांगणार आहेस?

सून : नळी नको.

मुलगा : आणि मी म्हटलं, घाला, तर?

सून : ऐकून घेईन. ओरडलात तरी ऐकून घेईन. मग जाऊन नको म्हणून सांगेन.

मुलगा : ओरडावंसं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये.

सून : मला तरी कुठे काय वाटतंय? सकाळी दोनदा दात घासले मी. पहिल्यांदा घासलेले आठवेनात.

वकीलबाई : हे बघा, या आदेशाला आव्हान देता येतं. तीस दिवसांची मुदत आहे.

मुलगा : तेवढे तिच्याकडे नाहीत मॅडम.

वकीलबाई : नाहीत. पण सांगणं माझं काम आहे.

मुलगा : एक विचारू? तिच्याजवळ बसायला कुणाची सही लागते?

वकीलबाई : नाही हो. त्याला कुणाची लागत नाही.

मुलगा : मग मी पुढे होतो. तू डॉक्टरांना सांगून ये.