कोऱ्या कागदांवरच्या सह्या

मनोरमा : ‘आई, मेलेला माणूस सही कशी करेल गं?’ सात वर्षांचा निनाद माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारायचा. अजून कानात आहे तो आवाज. केया, तुला सांगितलीय का बाबानं मोरिताकाची गोष्ट?

केया : ऑब्व्हियसली, आजी! जपानी सरदार. स्वतःच्या फादरलाच कॅसलबाहेर काढलं त्यानं.

मनोरमा : मग तीस वर्षं लढाया. आणि मेला कशानं?

केया : बासरी! शत्रूच्या किल्ल्यात रोज संध्याकाळी कुणीतरी वाजवायचं. ही वेंट टू लिसन. अँड बँग!

मनोरमा : सूर गडावर, पाय माळावर, चालत गेला आपल्या मरणावर. जखमी होऊन पडला तेव्हा म्हणाला, मी गेलो तरी तीन वर्षं कुणाला कळू देऊ नका. आठशे कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. मजकूर मागाहून प्रधान भरायचा. शत्रूला वाटे, आहे अजून.

शुभ्रा : आई, चहा गार होतोय. विमानात झोप नसेल झाली, जरा पडा ना.

मनोरमा : तुमच्या या आखातातल्या खलिफा सिटीत येऊन दोन तास झाले. माझा मुलगा कुठाय?

शुभ्रा : सांगितलं ना, समुद्रात, तेलाच्या रिगवर. नेटवर्क नसतं. पण दर शुक्रवारी त्याचा व्हॉइस मेसेज येतो ना तुम्हाला?

मनोरमा : वर्षभर आला. ‘आई, जेवलो मी. तू गोळी घेतलीस?’ प्रत्येक निरोपामागे एकच मशीन टिकटिकतं. रिगवर असतं का गं तसलं?

शुभ्रा : केया, यल्ला, चल, आत जा.

केया : मम्मा, आय डिडन्ट टेल हर. प्रॉमिस!

मनोरमा : राहू दे तिला. तीन शुक्रवार काहीच आलं नाही, म्हणून मी तिकीट काढलं. आणि काल निघताना विमानतळावर हा निरोप आला.

शुभ्रा : काल? मी नाही पाठवला. पन्नासच होते, आई. संपले.

(मनोरमा फोन टेबलावर ठेवते. टिकटिक नाही. लांबवर बासरी, मग निनादचा आवाज : ‘आई, आता शुभ्राला विचार.’)

केया : दॅट्स बाबा. मम्मा, दॅट्स रिअली बाबा.

मनोरमा : विचारते हं, शुभ्रा. मुदत सरल्यावर प्रधानानं काय केलं?

शुभ्रा : सांगून टाकलं.

मनोरमा : मग?

शुभ्रा : निनाद गेला, आई. तुमच्या बायपासच्या आदल्या आठवड्यात. हॉस्पिटलमध्ये निरोप रेकॉर्ड करताना म्हणाला, आईचं काळीज टाके धरेपर्यंत सांगू नकोस.