मेंबरची म्हस

हसू नका, ह्यात चूक माझीच हाय. आमच्या सरकारी दवाखान्यात नवा नियम आला: कारभार बघणाऱ्या कमिटीत भरती असलेला एक पेशंट पायजेच, न्हायतर मीटिंग व्हणार न्हाय. मी तिथला क्लार्क. तापानं भरती झालेल्या बिद्रीच्या तात्यांना मी मेंबर करून टाकलं.

तात्या चौथ्या दिवशी ठणठणीत. पण जिल्ह्याच्या साहेबांनी मीटिंग पुढं ढकलली. डॉक्टर डिस्चार्ज लिहायला लागले तसा मी आडवा आलो, "सर, ह्यांना सोडलं तर मेंबर कुठनं आणू?"

तात्या खवळले. "आणि माझ्या म्हशीची धार कोण काढणार? तू?"

मीटिंग परत पुढं गेली. तात्यांच्या बायकोनं सरळ म्हसच आणून ॲम्ब्युलन्सच्या शेडात बांधली.

शेवटी साहेब आले. गाडीतनं उतरताच ओरडले, "ही म्हैस कुणाची?"

वॉर्डाच्या खिडकीतनं तात्या म्हणाले, "मेंबरची!"

मीटिंग पाच मिनिटांत उरकली. ठराव एकच: मेंबर आणि म्हस, दोघांनाबी आजच डिस्चार्ज. सूचक तात्या. साहेबांनी विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?" तर बाहेरनं म्हस रेकली.

तेवढं एक मी इतिवृत्तात लिहिलं न्हाय.