जावयाचं गाव आणि भिकूअक्काचा ओटा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या विकास सोसायटीचे चेअरमन आदरणीय जीवराम आबा, व्यासपीठावर विराजमान झालेले सरपंच लोटनभाऊ, यावलहून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, माझी ओळख करून देताना जरा जास्तच साखर घालणारे हेडमास्तर साहेब, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, डाव्या हाताला बसलेल्या माझ्या बहिणी आणि लेकीसुना, आणि सतरंजी पुरली नाही म्हणून भिंतीला टेकून उभे राहिलेले तरुण मित्र, तुम्हां सर्वांना पितांबर नथ्थू फिरके याचा नमस्कार.

तुम्ही मला शाल दिली, श्रीफळ दिलं, हार घातला. कशाबद्दल? तर मी परदेशगमन करून सुखरूप परत आलो याबद्दल. आता खरं सांगायचं तर मी फक्त खुर्चीला पट्टा बांधून बसून होतो, बाकी सगळं विमानानं केलं. पण आपल्या गावाची रीतच आहे, कोणी चांगलं काही केलं की शाल, आणि नाही केलं तरी शाल. हसा, हसा. पुढे हसायला फारसं मिळणार नाही.

लोटनभाऊंनी परवा मला विषय सुचवला. म्हणाले, "नाना, तिकडच्या चोऱ्यामाऱ्यांवर बोला. लोकांना भारी उत्सुकता आहे. तिकडच्याच बरं का, इकडच्या नको." मी मान डोलावली. तेव्हा आधी तिकडचंच सांगतो.

माझी कुंदा लग्न होऊन विलायतेत गेली. तिची आई गेल्यापासून पोरगी मागे लागली होती, नाना, एकदा येऊन राहा. म्हणून फाल्गुनात गेलो तो आषाढात परत आलो. त्या शहराचं नाव घेताना माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून आपण त्याला जावयाचं गाव म्हणू. जावई तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. घर टुमदार, रस्ता स्वच्छ, आणि रस्त्यावर माणूस नावाला नाही. मला आधी वाटलं गावात काही वाईट झालंय.

पहिल्याच दिवशी कुंदानं मला पाठ दिला. "नाना, बेल वाजली तर दार एकदम उघडायचं नाही. आधी साखळी लावायची, फटीतून बघायचं. अंधार पडल्यावर बागेत जायचं नाही. खिडकी उघडी टाकून झोपायचं नाही." मी म्हटलं, बाई, मी मुलीच्या घरी आलोय की तुरुंगात? पण तिचं चुकत नव्हतं. जावई गाडी लावली की गाडीतला टेप काढून काखोटीला मारून घरात आणायचे, कारण गाडीत ठेवला तर सकाळी काच फुटलेली. पलीकडच्या गल्लीत भरदिवसा घर फोडलं होतं. घराघरावर घंटेचे डबे ठोकलेले, चोर शिरला की बोंबलणारे. आणि एकदा बागेत बाकावर बसलो असताना काही टारगट पोरांनी माझ्या टोपीवर अंडं फेकून मारलं. मी माळकरी माणूस! टोपी तीनदा धुतली तरी मला वास येतच राहिला. तेव्हा तिकडे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. तिकडेही माणसं माणसांना भितात, आणि आपल्यासारख्या काळ्या माणसाला जरा जास्तच भ्यावं लागतं.

आता आपली रीत बघा. आपल्या गल्लीत अनोळखी माणूस शिरला की पहिल्या ओट्यावरून आवाज येतो, "कोठले पाव्हणे? कोणाकडे आले?" चहा नंतर, चौकशी आधी. मी तिथेही सुरू केलं. रोज येणाऱ्या पोस्टमनला मी दाराच्या पायरीवरून मराठीत विचारायचो, कोठले पाव्हणे? तो बिचारा टोपी काढून हसायचा.

कुंदाच्या शेजारी एडिथबाई म्हणून एक म्हातारी, एकटीच राहायची. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती दवाखान्यात गेली. घर बंद. आता तुम्हीच सांगा, शेजारचं घर मोकळं पडलं की आपण काय करतो? आपल्या वाडवडिलांनी काय शिकवलं? तिच्या ओट्यावर अंथरूण टाकायचं. माणूस ओट्यावर दिसला की चोर पुढच्या गल्लीला लागतो. कुंदा आणि जावई कामावर गेले होते. मी कुंदाची चादर घेतली, उशी घेतली, एडिथबाईच्या दारासमोरच्या पायरीवर पसरली आणि टोपी तोंडावर घेऊन दुपारी तिथे आडवा झालो.

डोळा लागतो न लागतो तो माझ्यासमोर चार काळे बूट. पोलीस! समोरच्या घरातून कोणीतरी फोन केला होता की म्हातारीच्या दारात एक अनोळखी माणूस झोपलाय. मला इंग्रजी येतं ते एवढंच, थँक्यू आणि सॉरी. मी दोन्ही आलटून पालटून म्हटलं. शेवटी त्यांनी कुंदाला बोलावलं. पोरगी धावत आली, तोंड लालबुंद. "नाना, काय हे!" मी म्हटलं, "यांना सांग, चोरी करायला आलेला माणूस घरून उशी घेऊन येतो का?" तिनं ते इंग्रजीत सांगितलं. त्यातला मोठा पोलीस इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं.

पण पुढे ऐका. त्या भागात शेजाऱ्यांची एक मंडळी आहे. एकमेकांच्या घरावर लक्ष ठेवायचं, महिन्यातून एकदा जमायचं. त्या पोलिसानं मला त्या बैठकीत बोलावलं, तुमची पद्धत आम्हाला सांगा म्हणून. हॉलमध्ये सगळे गोरे, चहाबिस्किटं, आणि मी धोतरात. कुंदा भाषांतर करायला. आणि मंडळी, मी बोललो. काय बोललो! म्हटलं, आमच्या गावाला पोलीस लागत नाही. आमच्या गल्लीत एकटी बाई दार उघडं टाकून झोपू शकते. तिनं एक हाक मारली, तर दुसरी मारायच्या आत गल्ली गोळा होते, ज्याच्या हाती जे लागेल ते घेऊन. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा उठून म्हणाला, असं गाव आम्हालाही हवं. माझी छाती अशी फुगली होती, आबा, की बंडीचं बटण तुटायचं बाकी होतं.

हे सांगताना माझे कान आता गरम झालेत. कारण त्याच आठवड्यात, वैशाखात, आपल्या गल्लीत काय झालं ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. लोटनभाऊ, खुर्चीत चुळबुळ करू नका. मी तुमचं नाव घेणार नाही. घ्यायचंच झालं तर आधी माझ्या घरचं घेईन.

माझ्या घरासमोर भिकूअक्का राहते. विधवा बाई, मूलबाळ नाही. माझी कुंदा तिच्या मांडीवर वाढली. मी विलायतेला निघालो तेव्हा म्हणाली, "जाय रे बाप्पा, पोरीचं गाव पाहून ये. मी आहे नं गल्लीत." आणि माझा मुलगा अभिमन केळीला पाणी द्यायला मळ्यात गेला की सूनबाई एकटी, म्हणून ही म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची, जपमाळ ओढत. म्हणजे माझं घर कोण राखत होतं, हे ध्यानात घ्या.

एका दुपारी दोन माणसं आली. गल्लीच्या तोंडापासून तिच्या दारापर्यंत चालत आली. एकाही ओट्यावरून कोणी विचारलं नाही, कोठले पाव्हणे? विचारणार कोण? आपले ओटे राहिले कुठे? केळीनं चार पैसे दिले, आपण स्लॅब टाकले, आणि ओट्यांना लोखंडी जाळ्या लावल्या. माझ्याही ओट्याला आहे, हिरव्या रंगाची. त्या दोघांनी अक्काकडे पाणी मागितलं. ती आत वळली तशी तिच्या हातातल्या पाटल्या ओढल्या. निघेनात म्हणून मनगट पिरगाळलं. हाड मोडलं. ती ओरडली, आणि गल्लीतून कोणी आलं नाही.

मी परत आलो तेव्हा अभिमनला विचारलं, "तू कुठे होतास?" म्हणाला, "घरीच होतो नाना. कूलर चालू होता, आयकूच नही आलं." बरं. शेजाऱ्याला विचारलं, कूलर. त्याच्या शेजाऱ्याला विचारलं, कूलर. मला वाटलं, असेल बुवा, वैशाखातला कूलर म्हणजे पिठाची गिरणी. मी मान्य केलं. मनातून मला ते मान्य करायचंच होतं.

मग अक्काकडे गेलो. ती डाव्या हातानं चहा गाळत होती. मी म्हटलं, अक्का, दार उघडं कशाला टाकलंस भरदुपारी? ती म्हणाली, "मंग काय करती? गल्लीची डीपी जयेल व्हती. पंखा नही, वारा नही. जीव गुदमरे."

गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, मंडळी! त्या आठवड्यात आपल्या गल्लीत लाइटच नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी हाच अभिमन आपण होऊन मला सांगत होता की वैशाखात डीपी जळाली आणि वायरमननं किती हेलपाटे मारायला लावले. कुठला कूलर चालू होता? लाइट नव्हती म्हणजे गल्ली इतकी शांत होती की टाचणी पडली तर ऐकू यावी. अशी सहज उघडी पडणारी गोष्ट सांगतानासुद्धा आपल्याला लाज वाटली नाही. किंवा लाज वाटली, म्हणूनच सगळ्यांनी एकच खोटं सांगितलं.

अक्कानं मला कूलरबद्दल एक शब्द विचारला नाही. ती एवढंच म्हणाली, आणि तिच्याच शब्दांत सांगतो. "पितांबर, मी आरडली. मले वाटलं, आता दारं उघडतीन. तं कड्या लागल्या रे. एकामागून एक. तुह्या घरची कडी मले वयखू येते. ते बी लागली."

माझ्या दाराची कडी जुनी आहे, बापाच्या वेळची, जाड लोखंडाची. तिचा आवाज ती म्हातारी वर्षानुवर्षं ऐकत आलीय. माझ्या ओट्यावर बसून, माझ्या सुनेची सोबत करता करता.

त्या एडिथबाईच्या शेजाऱ्यांनी मला चोर समजलं, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं केलं बाबांनो. तुम्ही खिडकीतून बघत तरी होता. कोणाच्या दारात कोण आहे याची तुम्हाला पडलेली तरी होती. आणि मी त्यांच्यापुढे उभा राहून आपल्या गावाच्या बढाया मारत होतो. त्या टाळ्या मला आता गालावर बसल्यासारख्या वाटतात. तिकडे पत्र पाठवून सांगावं का, की मी खोटं बोललो? कुंदाला सांगायचीसुद्धा हिंमत झाली नाही अजून.

कोणी म्हणेल, नाना, चाकू असता त्यांच्याकडे तर? असता. भीती मलाही वाटली असती. पण ते गेल्यावर? अक्का उंबऱ्यात रडत बसली होती, तेव्हाही दारं उघडली नाहीत. का, तर पोलिसांत साक्ष द्यावी लागेल. शेवटी खालच्या आळीतल्या मंजुळाबाईनं तिला एस.टी.त घालून यावलच्या दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, पण मनगट वळत नाही. तिला भाकर थापता येत नाही.

आणि उद्या सकाळी भिकूअक्का गाव सोडून भाच्याकडे भुसावळला चाललीय, कायमची. म्हणजे आज समारंभ कोणाचा व्हायला हवा होता? चाळीस वर्षं गल्लीत राहिलेली बाई जातेय, तिला कोणी नारळ दिला नाही, आणि चार महिने फिरून आलेल्याला शाल. सामान न्यायला ट्रॅक्टर सांगितलाय तो कोणाचा, माहीत आहे? माझा. अभिमननं लगेच हो म्हटलं. एवढ्या कामाला मात्र हाक लगेच ऐकू आली.

मी काल तिला म्हटलं, अक्का, जाऊ नको. ती म्हणाली, "कोनाच्या भरोशावर राहू, तूच सांग." साठी उलटलेला माणूस मी, खाली मान घालून उठून आलो.

आबा, फार वेळ घेतला. चहा निवत असेल, आटोपतो. तुम्ही दिलेली ही शाल मी परत करत नाही, तो तुमच्या प्रेमाचा अपमान होईल. मी ती वापरणार आहे. इथून उठून मी घरी जाणार नाही. भिकूअक्काच्या ओट्यावर जाणार आहे. त्याला जाळी नाही, देवाची कृपा. ही शाल तिथे अंथरणार आणि आज रात्री तिथेच झोपणार. कोणी आलं तर विचारणार, कोठले पाव्हणे? उद्या रात्रीही तेच. ज्याला यायचं असेल त्यानं आपलं अंथरूण घेऊन यावं, ओटा लांब आहे. मी कोणाला आग्रह करत नाही. सकाळी ट्रॅक्टर दारात उभा राहील, तो मी अडवणार नाही. अक्का दार उघडेल, ओट्यावर कोण कोण झोपलंय ते बघेल, आणि काय ते तीच ठरवेल.

अध्यक्ष महाराज, पाहुणे, गावकरी बंधू-भगिनी, तुम्ही माझा मान केला, माझं कडू बोलणं बसून ऐकून घेतलंत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात अधिकउणं निघालं असेल तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. ही माफी फक्त तुमच्यापुरती. भिकूअक्काची माफी माईकवरून मागायची नसते.

अभिमन, तू तिथे माईकच्या मशीनपाशी उभा आहेस, मला दिसतोयस. खाली बघू नको. मशीन बंद कर आणि घरून दोन गोधड्या घेऊन ये. एक माझ्या पांघरुणाला. दुसरी तुझी.