सुनंदाचं पान

वेब पेज लिहायला एडिटर कोणता चांगला, हे मला विचारू नका राव. एकदा सांगून बसलोय.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात निरवांगीची सुनंदा माझ्यासोबत होती. वेब पेज बनवायच्या नोकरीसाठी तिनं तीन आठवडे नोटपॅडात एकेक ओळ टाइप करून पान तयार केलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "क्लासात पान सजवायचं नवं सॉफ्टवेअर आलंय, त्यात उघड, देखणं दिसंल."

"बिघडणार न्हाय ना?"

"न्हाय गं."

तिनं रंग बदलले आणि फ्लॉपीवर जुन्या पानाच्या जागीच सेव्ह केलं.

मुलाखतीत साहेबांनी पानामागचा कोड उघडला. सॉफ्टवेअरनं तिच्या सगळ्या ओळी आपल्या पद्धतीनं बदलून वर स्वतःचं नाव टाकलं होतं.

"हे तू लिहिलंस?"

"व्हय सर, मीच."

"खोटं बोलू नकोस. हे सॉफ्टवेअरनं लिहिलंय."

पुढचा नंबर माझा होता. मी दारातच उभा होतो, पण तोंड उघडलं नाही.

बाहेर येऊन तिनं एवढंच विचारलं, "माझं लिहिलेलं कुठं गेलं रं?"

माझं पान बदलायला मला वेळच मिळाला नव्हता, ते नोटपॅडातलंच होतं. नोकरी मला लागली.