सानिका मॅडमच्या गाडीचा फॅन

जबाब, मंगळवार, सायंकाळी ४ वाजून ४० मिनिटे

नाव सौ. दीपाली संदेश भाटकर, वय ४१ वर्षे, धंदा घरकाम व पतीच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काम, राहणार कुवारबाव, रत्नागिरी.

विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी पती संदेश, वय ४६, आणि सासूबाई यांच्यासोबत राहते. गाड्यांच्या वायरिंगचं आमचं दुकान घराला लागूनच आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षापासून मी दुकानात बसते आणि काम मला पतींनीच शिकवलं. तेव्हा ते फार बोलायचे. एक वायर हातात घेतली तर ती बॅटरीपासून निघून कुठे कुठे जाते ते अर्धा अर्धा तास सांगायचे आणि मी भात करपेपर्यंत ऐकत बसायचे. आता आमटीत मीठ कमी आहे, एवढंच बोलतात.

सानिका इंगवले मॅडम, वय अंदाजे ३८, या विम्याच्या एका कचेरीत अधिकारी आहेत. जून महिन्यात सांगलीहून बदली होऊन आल्या आणि मांडवीला भाड्याच्या घरात एकट्या राहतात. त्यांची पांढरी गाडी गणपतीच्या आधी आमच्या दुकानात आली होती. गाडी एका जागी उभी राहिली की गरम व्हायची, कारण रेडिएटरचा फॅन कधी लागायचा, कधी लागायचा नाही. पतींनी तपासून रिले गेल्याचं सांगितलं. रिले म्हणजे फॅनला करंट सोडणारी छोटी काळी डबी. नवीन रिले कपाटातून मीच काढून दिला. गाडी ठीक झाली, मॅडम हसून घेऊन गेल्या. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं.

पंधरा दिवसांनी फॅन पुन्हा बिघडल्याचं पतींनी मला सांगितलं. त्यानंतर गाडी दुकानात आली नाही. हेच मांडवीला जाऊ लागले. आजवर अकरा वेळा गेले. अकरा कसे मोजले असं मला विचारण्यात आलं. शर्टांवरून मोजले. इस्त्रीचा शर्ट घालून बॉनेटखाली वाकणारा इलेक्ट्रिशियन मी तरी दुसरा पाहिलेला नाही. जायच्या आधी नखांतलं काळं लिंबाच्या फोडीने घासायचे. सासूबाईसुद्धा एकदा बोलल्या की संदेश, कोणाच्या लग्नाला चाललास? आमच्याकडे रीत अशी की गिऱ्हाईकाची गाडी दुकानात येते आणि चावी दुकानातल्या खिळ्याला लागते. या एका गाडीची जादा चावी आमच्या खिळ्याला आणि गाडी मांडवीला मॅडमच्या दारात.

घरी आले की मॅडमचंच पुराण. मॅडमना कळतं, मॅडम विचारतात. रेडिएटरमधलं पाणी कसं फिरतं ते समजावलं तर मॅडमनी कागदावर चित्र काढून घेतलं. मी तेच एकोणीस वर्षं ऐकलं, चित्र काढायला कोण रिकामं होतं? सानिका मॅडमबद्दल माझ्या मनात राग होता का, असं विचारलं. होता. जळत होते, असंच लिहा. त्या दुकानात आल्या होत्या तेव्हा माझ्याशी चांगल्याच बोलल्या होत्या, त्याचाही राग होता. त्यांचे केस चांगले आहेत, त्याचाही होता.

आज दुपारी जेवताना पती बोलले की पाच वाजता मांडवीला जायला हवं, तो फॉल्ट काही सापडत नाही. मी विचारलं, काय होतंय नेमकं? कधी नव्हे तो प्रश्न केला होता. त्यावर ते ताटातून मान वर न करता बोलले, "तुला नाही कळायचं." पुढे ते झोपले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खिळ्यावरून चावी घेतली. टेस्ट लॅम्प, दोन वायरी आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घातला आणि स्कूटरने मांडवीला गेले. तेव्हा दोन वाजून गेले होते. कोणालाही विचारलं नाही. ती माझी चूक आहे, मला कबूल आहे.

मॅडम कचेरीत होत्या. गाडी गरम होते म्हणून त्या सध्या रिक्षाने जातात, हे मला नंतर कळलं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. पायरीवर धुतलेली भांडी पालथी घातली होती. त्यात माझा स्टीलचा डबा होता, झाकणावर माझ्या माहेरचं नाव घातलेला. मे महिन्यात मी उन्हात बसून आंब्याच्या रसाची साठं घातली, ती या डब्यातून गेली होती. पतींनी मला सांगितलं होतं की डबा दुकानातून कोणीतरी नेला. माझी साठं यांना घरी दाताला चिकटतात. डबा मी उचलला नाही, हात लावला नाही. चोरीचा संशय होता म्हणून हे मुद्दाम सांगते.

मग मी गाडी उघडून चालू केली आणि एसी लावला. एसी लावला की फॅन लागायलाच हवा. लागला नाही. गाडी बंद करून फॅनला दोन वायरींनी बॅटरीवरून थेट करंट दिला. फॅन फिरला, म्हणजे मोटर चांगली. टेस्ट लॅम्प लावून फ्यूज बघितला, तोही चांगला. गाडी परत चालू करून रिलेवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ हळू ठोकली, तसा फॅन लागला. थोड्या वेळाने आपोआप बंद पडला. शेजारी हॉर्नचा रिले असतो, तो याच मापाचा. दोघांची अदलाबदल केली. फॅन बिनतक्रार फिरायला लागला आणि हॉर्न मुका झाला. म्हणजे दोष रिलेत. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. हा धडा मला पतींनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शिकवला होता, शेजारच्यांच्या जुन्या जीपवर.

खराब रिले मी हातात घेऊन उलटा केला. त्याच्या पोटावर मरून रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका होता. हा ठिपका माझा आहे. आमच्या दुकानात गेलेला रिले निघाला की मी त्याला ठिपका देते आणि तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. एकदा असा रिले चुकून एका गिऱ्हाईकाच्या गाडीत परत गेला होता आणि तो माणूस दुकानात येऊन नको नको ते बोलला होता, तेव्हापासूनची ही पद्धत. ठिपका असलेला रिले दुकानाबाहेर जात नाही. कोणी नेला तरच जातो. मी कपाटातून काढून दिलेला नवीन रिले आता कुठे आहे, ते मला माहीत नाही.

मी किती वेळ तशी उभी होते ते सांगता येणार नाही. फॅन चालूच होता. पाठीमागून आवाज आला, "कोण गो तू? मॅडमच्या गाडीत काय करतंस?" ते शेजारी राहणारे बाबू मयेकर, वय सत्तरच्या पुढे, पूर्वी जहाजावर होते. मी फॅन बघतेय असं सांगितलं. मालकीण घरात नाही, साडी नेसलेली बाई बॉनेटमध्ये डोकं घालून उभी आणि डोळ्यांतून पाणी, त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि फाटकात काठी आडवी धरून उभे राहिले.

साडेतीनच्या सुमारास मला ठाण्यात आणलं, बाबूकाकाही सोबत आले. चारपर्यंत सानिका मॅडम आणि माझे पती दोघंही आले. पती घरच्याच कपड्यांत होते. मॅडमनी मला ओळखलं आणि त्या लगेच बोलल्या की ह्या आमच्या दादांच्या मिसेस आहेत, माझी काही तक्रार नाही. माझ्या पतींना त्या दादा म्हणतात, हे मला आजच समजलं. साहेबांनी त्यांना गाडीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की गाडी मोठ्या वर्कशॉपला दाखवते असं त्यांनी संदेशदादांना तीनदा म्हटलं, पण दादाच नको म्हणत होते, मी बघतो म्हणत होते. मागच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या आईला घेऊन सांगलीहून येत असताना आंबा घाटात गाडी तापली. भर उन्हात दोन तास आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. पती खाली बघत होते.

तोपर्यंत माझा सगळा राग मॅडमवर होता. दोन महिने मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या चहा देत होत्या, दोन प्रश्न विचारत होत्या आणि गाडी कधी बरी होणार याची वाट बघत होत्या. राग ठेवायला मला तिथे जागाच राहिली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साहेबांनी पतींना विचारलं की फॅनला नेमकं काय झालं होतं. पती बोलले, "फॉल्ट सापडत नव्हता साहेब. असले फॉल्ट अवघड असतात." साहेब समजूतदार आहेत. ते बोलले की मग सोपं आहे, नवऱ्याला फॉल्ट सापडत नव्हता म्हणून त्याने बायकोला बघायला पाठवलं, चावी त्यांच्याकडेच होती, असं लिहू आणि विषय मिटवू. मॅडम हो बोलल्या. बाबूकाकाही बोलले की मग माझी काही हरकत नाही. पतींनी लगेच मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्यांनी माझ्याकडे असं नीट पाहिलं. मी गप्प बसले असते तर सहाच्या आत घरी जाऊन भात लावला असता.

मी बोलले, "तसं लिहू नका."

साहेबांनी का म्हणून विचारलं. त्याचं कारण सांगते. माझ्या पतींनी मला पाठवलेलं नाही. ते अकरा वेळा इस्त्रीचा शर्ट घालून गेले ते लिहा. माझी साठं नेली ते लिहा. ठिपक्याचा रिले त्यांनीच नेऊन बसवला असणार, दुकानात आम्ही दोघंच असतो, तेही लिहा. पुढे आमच्या दुकानाचं आणि माझ्या घराचं काय व्हायचं ते होईल. पण त्यांना रिलेचा फॉल्ट सापडला नाही, हे कागदावर राहू देणार नाही. अख्ख्या रत्नागिरीत त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही. डोळे बांधून बॉनेटखाली उभं केलं तरी वास घेऊन सांगतील कुठली वायर जळली ती. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी ह्यांचं घर बघितलं नव्हतं, ह्यांचं काम बघितलं होतं. एवढं एक खरं आहे, ते तरी खोटं पडू नये.

हे मी बोलले तेव्हा पती बाकावरून उठून उभे राहिले. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. मग बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. खराब रिले मी साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. मॅडमच्या गाडीत नवीन रिले मी स्वतः उद्या सकाळी बसवून देईन. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पतींविरुद्ध आहे का, असं दोनदा विचारलं, त्याचं उत्तर मी देणार नाही.

हा जबाब महिला शिपायांनी मला सावकाश, थांबत थांबत वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे. मधे एके ठिकाणी "पतीस फॉल्ट सापडत नसल्याने" असं सवयीने लिहिलं गेलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि खोडलेल्या जागी बाजूला माझी सही केली आहे.

(सही) सौ. दीपाली संदेश भाटकर