इंदुमती मॅडमचा चिठ्ठ्यांचा डबा

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य टेंबे सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या इंदुमती मुळ्ये मॅडम, सहकारी मित्रहो आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

सात वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून इंदूरच्या या कॉलेजात आलो. वर्गाला बोलतं करायचं म्हणजे एकेकाला उभं करायचं, अशी माझी ठाम समजूत होती. मॅडमची रीत निराळी. फळ्यावर प्रश्न, दोन मिनिटं शांतता, मग प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर उत्तर लिहायचं. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात मिसळायच्या आणि हाताला येईल ती वाचून त्यावर बोलायचं. जे कधी तोंड उघडत नसत, त्यांचंही म्हणणं वर्गात पोचायचं.

मॅडम रजेवर असताना एकदा मी त्यांचा तास घेतला. एक चिठ्ठी इतकी सुरेख निघाली की मी खुशीत विचारलं, "कोणाची ही? उभं राहा, समजावून सांगा!" कुणीतरी अक्षर ओळखून एका मुलीकडे बोट दाखवलं. ती उठली. पहिल्याच शब्दाला अडखळली, अडखळतच राहिली. मागून हशा उठला. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही. सांगताना आजही मला लाज वाटते.

मॅडम मला घेऊन मल्हारगंजात तिच्या घरी गेल्या. आई म्हणाली, "सरजी, ती म्हणते, आता बस झालं कॉलेज." मी बोलू लागलो, तर मॅडमनी आपल्या इंदुरी ढंगात अडवलं. "अभिराम भिया, माफी लिहून मागा. म्हणजे तिलाही लिहून जवाब देता येईल."

मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. बऱ्याच वेळाने आतून कागद आला. ‘सोमवारी येते. पण नाव नका विचारू.’

टेंबे सर, घंटी वाजवू नका, संपवतोच. आज दाराशी तोच डबा ठेवला होता, मॅडमना चार ओळी लिहायला. त्यातली एक चिठ्ठी माझ्या हाताला आली. ‘मॅडम, मी आता शिकवते. माझ्या वर्गातही डबा आहे.’ अक्षर मी ओळखलं. सभागृहात नजर फिरवायचा फार मोह होतोय, पण मी कागदाकडेच बघतोय.

मॅडम, तुमचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेने उदार मनाने क्षमा करावी. माझी सगळ्यात मोठी चूक इथे बसलेल्या एकीने त्या सोमवारीच माफ केली आहे.